सराफ्याच्या दोन पाळ्या : इंदूर नगर निगमाला खुले पत्र

प्रति,
मा. महापौर, मा. आयुक्त आणि सर्व मा. नगरसेवक,
इंदूर नगर निगम, इंदूर.

विषय : सराफा बाजारातील रात्रीची चौपाटी आणि त्या रस्त्याचे भवितव्य.

महोदय,

सराफा या सोन्याचांदीच्या बाजारातील रात्रीची चौपाटी, म्हणजे दुकाने बंद झाल्यावर तेथे भरणारा खाद्यपदार्थांचा बाजार, दुसरीकडे हलवावी, की निवडक दुकाने ठेवून बाकीची उठवावीत, की आहे तसेच चालू द्यावे, हा प्रश्न गेली काही वर्षे इंदुरात वारंवार डोके वर काढतो आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मध्य प्रदेशातील हरद्याच्या फटाका कारखान्यात स्फोट झाला आणि शहरोशहरी दाटीच्या जागांची झाडाझडती सुरू झाली, तेव्हा सराफ्यातील गॅस सिलिंडरांचा विषय ऐरणीवर आला. सोन्याचांदीचे व्यापारी म्हणतात की आमच्या दुकानांच्या दारात पेटत्या शेगड्या नकोत. खाद्यपदार्थांचे विक्रेते म्हणतात की आमच्या पिढ्या दुकानांपुढच्या याच ओटल्यांवर (ओट्यांवर) गेल्या, आता आम्ही जावे कोठे? दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. परंतु सराफा ही एक जागा आहे आणि त्या जागेवर अधिक हक्क कोणाचा ते ठरवायचे आहे, अशा समजुतीनेच ही सारी चर्चा चालते. या समजुतीशी माझे मतभेद आहेत. सराफा हा वेळ वाटून घेणारा रस्ता आहे. दिवसा तो एकाचा असतो, रात्री दुसऱ्याचा, आणि मधला थोडा वेळ कोणाचाच नसतो. ही वाटणी हेच त्याचे वैशिष्ट्य आहे, आणि आपला कोणताही निर्णय ती वाटणी टिकवणारा आहे की मोडणारा, यावरून तो तपासला जावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीत वाढलेला एक नागरिक आहे. सराफ्यात माझे दुकान नाही आणि ठेलाही नाही. खाणारा म्हणून मात्र मी अगदीच तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

इंदूर हे पेठेतून वाढलेले शहर आहे. राव नंदलाल मंडलोई यांनी १७१६ मध्ये मोगल दरबाराकडून करमाफीची सनद मिळवली आणि त्यामुळे व्यापारी येथे येऊन स्थिरावले, असे जमीनदार घराण्याची परंपरा सांगते. नंदलालपुऱ्याने ते नाव आजही जपले आहे. पुढे मल्हारराव होळकरांच्या काळात राजवाड्याचे काम सुरू झाले आणि होळकरांच्या नाण्यांवर टांकसाळीचे नाव म्हणून ‘मल्हारनगर’ उमटू लागले. अहिल्याबाईंनी राजधानी महेश्वरास नेली तरी इंदूरची पेठ मोडली नाही. १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने शहर लुटले आणि राजवाडा जाळला. इंग्रजांशी झालेल्या महिदपूरच्या लढाईनंतर जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला, राजधानी इंदुरात आली, आणि दिवाण तात्या जोग यांनी राज्याची विस्कटलेली घडी बसवण्यास आरंभ केला. राजवाडा, त्याच्या समोरचे गोपाळ मंदिर, आणि हाकेच्या अंतरावर सराफा, बजाजखाना, शक्कर बाजार, बर्तन बाजार, खजुरी बाजार, मारोठिया बाजार अशी एकमेकांत गुंतलेली बाजारांची वीण याच शतकात घट्ट होत गेली.

त्या काळातील सराफ हा आजच्या अर्थाने दागिने विकणारा दुकानदार नव्हता. मालव्यात अनेक टांकसाळींची नाणी एकाच वेळी चालत होती. होळकरांचा रुपया, उज्जैनचा रुपया, राजस्थानातील प्रतापगडचा सालिमशाही आणि कंपनी सरकारचा, प्रत्येकाचे वजन आणि कस निराळा. कोणत्या नाण्यावर किती बट्टा, म्हणजे वटाव, कापायचा हे ठरवणारा, नाणे कसोटीवर आणि तराजूत घालणारा, मुंबईवर किंवा उज्जैनवर हुंडी, म्हणजे तेथे पैसे मिळण्याची चिठ्ठी, लिहून देणारा तो सराफ. पुढे ही पेठ खऱ्या अर्थाने श्रीमंत झाली ती अफूवर. मालव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जात असे, इंग्रजांनी पेटीमागे परवाना शुल्क बसवले, आणि शेतकऱ्याला आगाऊ रक्कम देण्यापासून मुंबईच्या भावावर तेजीमंदीचे सौदे करण्यापर्यंतचा सगळा व्यवहार इंदूरच्या आणि उज्जैनच्या सावकारांच्या हातांत राहिला. या मार्गाने जमलेल्या संपत्तीचे गुणगान करावे असे मला वाटत नाही. पण ती नसती तर आज ज्यांच्या सज्जांची छायाचित्रे पर्यटक काढतात ती घरेही या गल्ल्यांत उभी राहिली नसती. दरबारही पैशाच्या बाबतीत मागे नव्हता. ज्या संस्थानाने १८७० च्या सुमारास इंग्रज सरकारलाच लोहमार्गासाठी एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, तेही १०१ वर्षांच्या मुदतीवर कर्जाऊ दिले, त्याच्या राजधानीत सराफांची पेठ मध्यभागी असणे स्वाभाविकच होते.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात चीनकडे जाणारी अफू थांबली आणि तो पैसा कापडगिरण्यांकडे वळला. सर सेठ हुकुमचंद (१८७४–१९५९) हे या स्थित्यंतराचे सर्वांत ठळक नाव. अफूच्या आणि कापसाच्या सौद्यांत नाव कमावलेल्या या गृहस्थांनी गिरण्या काढल्या, आणि सराफ्यापासून जवळच इतवारिया बाजारात भिंतींपासून छतापर्यंत काचेने मढवलेले काच मंदिर बांधले. हुंड्या बँकांकडे गेल्या, सौदे बंद झाले, आणि सराफ्यात सोन्याचांदीचे दागिने उरले.

एवढा इतिहास सांगण्याचे कारण असे की, ‘सराफा हा मुळात सोन्याचांदीचा बाजार आहे, खाण्यापिण्याचा नव्हे’ हे वाक्य आजकाल सहज म्हटले जाते. दिवसाची पाळीदेखील मूळ रूपात राहिलेली नाही. नाणीबदल, हुंडी, अफूचे सौदे आणि दागिने अशी किमान चार रूपे तिने पालटली आहेत. तेव्हा ‘मूळ कोण आणि उपरा कोण’ या प्रश्नाने सुरुवात केली तर आपल्याला बट्ट्यावर नाणे बदलून देणाऱ्या सराफांचे वारस शोधत फिरावे लागेल.

आता रात्रीच्या पाळीकडे वळतो. जुने लोक सांगतात की सराफांनीच तिला आश्रय दिला, कारण दारात रात्री उशिरापर्यंत जाग असली की चोराची छाती होत नाही. ही आख्यायिका म्हणून सोडून दिली तरी तिच्यातील व्यवहार समजण्यासारखा आहे. या रस्त्यावरील घरांची ठेवण पाहावी. खाली ओटल्यासह दुकान, मागे गाळा, वर कुटुंबाचे घर. दुकानदार वरच राहत असे, तोवर रस्त्याला रात्रीचा पहारा आपसूक मिळत होता. मग मालकांची कुटुंबे मोकळ्या हवेसाठी नव्या वसाहतींत राहायला गेली, आणि वरच्या अनेक मजल्यांवर कारागिरांची कारखानदारी आली. त्यांत आज बंगाली कारागीर मोठ्या संख्येने आहेत. मालक रात्री आठ वाजता कुलूप लावून निघून जातात, आणि ज्या रस्त्यावर कोट्यवधींचा माल तिजोऱ्यांत बंद आहे तो रस्ता मध्यरात्रीपर्यंत माणसांनी भरलेला राहतो. एखाद्या नगररचनाकाराने कागदावर ही योजना मांडली असती तर आपण तिचे कौतुक केले असते. येथे ती कोणी न मांडता उभी राहिली, म्हणून ती बेशिस्त वाटते.

पाळी बदलण्याची वेळ पाहण्यासारखी असते. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास दुकानांतले शेवटचे गिऱ्हाईक उठते, गाद्यांवरच्या चादरी झटकल्या जातात, तराजू आणि पेट्या आत जातात. कोणत्याही जुन्या सराफ्याप्रमाणे येथेही दुकानातला केर बाहेर टाकण्याची रीत नाही. तो जपून ठेवला जातो, कारण त्यात सोन्याचे कण असतात, आणि ते वेगळे काढण्याचे काम करणारे न्यारिये, म्हणजे आपले झारेकरी, त्या केराची किंमत देतात. लोखंडी शटर खाली येते. त्यानंतर थोडा वेळ रस्ता खरोखर रिकामा दिसतो. मग गल्लीबोळांतून हातगाड्या, तवे, कढया, परातींचे ढीग येऊ लागतात; ज्या ओटल्यावर दुपारी नथ पारखली गेली त्याच ओटल्यावर नऊच्या आत शेगडी मांडली जाते. कोणाचा ओटला कोणाला, किती वेळ, कोणत्या बोलीवर, हे बहुतेक ठिकाणी पिढ्यांच्या ओळखीने ठरलेले असते. रात्री दोनपर्यंत हे चालते, मग धुणे, झाडणे, आणि सकाळी दुकानदार येतो तेव्हा त्याला आपला ओटला मोकळा मिळायला हवा, ही त्या अलिखित कराराची पहिली अट. आज तक्रार आहे ती ही अट अनेक जण पाळत नाहीत याची, आणि ती खरी आहे.

खाण्याबद्दल थोडक्यात लिहिणे इंदूरच्या माणसाला जमत नाही, तरी प्रयत्न करतो. सराफ्याची रीत अशी की एका ओटल्यावर एकच पदार्थ, फार तर दोन. कोवळी कणसे किसून तुपात परतलेला आणि दुधात शिजवलेला भुट्ट्याचा कीस जो करतो तो दुसरे काही करत नाही. गराडू हा हिवाळ्यातला कंद; तो तळून, वर जिरावन हा मसाला भुरभुरून आणि लिंबू पिळून मिळतो, आणि उन्हाळ्यात त्या विक्रेत्याकडे गराडू मागणाऱ्याकडे लोक परगावचा म्हणून पाहतात. दहीवड्याचा द्रोण हवेत फेकून पुन्हा झेलणे, एका चिमटीतून चार-पाच मसाले वेगवेगळे सोडणे, हा खेळ आहे खरा, पण त्या खेळामागे एकाच वस्तूवर घालवलेले आयुष्य आहे. मावाबाटी, खोपरा पॅटीस, मालपुवा, रबडी, ताटाएवढा जलेबा, आणि नावाने सरबत वाटणारी पण प्रत्यक्षात सुक्या मेव्याची घट्ट दुधाळ शिकंजी. साबुदाण्याच्या खिचडीचा मुद्दाम उल्लेख करतो. आमच्या घरांत जी एकादशीला आणि श्रावणी सोमवारी होते, ती येथे रात्री बारा वाजता, उपासाशी काडीमात्र संबंध नसलेले लोक, वर मिक्श्चर आणि शेव घालून मिटक्या मारीत खातात. आमच्या घरातील जुन्या बायकांना हे पाखंड वाटे. तरी पाहुणे आले की त्यांना तेथे घेऊन जाण्याचा आग्रह त्याच धरीत.

हे सर्व रात्रीच का, असे परगावचे लोक विचारतात. इंदूर हे रात्र जागवणारे शहर आहे. अनंत चतुर्दशीला गिरणी कामगारांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, जेल रोड, महात्मा गांधी मार्ग, जवाहर मार्ग, खजुरी बाजार अशा रस्त्यांवरून रात्रभर चालतात आणि बायकामुले पहाटेपर्यंत रस्त्याच्या कडेला बसून राहतात. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, इतर गिरण्याही गेल्या, कामगारांना आपल्या हक्काच्या पैशासाठी तीन दशके वाट पाहावी लागली. झांक्या मात्र थांबल्या नाहीत. रात्री एक वाजता कुटुंबासह निर्धास्तपणे रस्त्यावर उभे राहता येणे ही या शहराची कमाई आहे, आणि तिचे रोजचे ठिकाण सराफा आहे. तरुण मुली मध्यरात्री तेथे मैत्रिणींबरोबर येऊन उभ्या राहतात. असे किती रस्ते आपल्या ताब्यात आहेत, याचा निगमाने एकदा हिशेब करावा.

नगररचनेच्या बाबतीत इंदूरपाशी एक वारसा आहे, ज्याची आठवण मी आपणास करून देऊ इच्छितो. तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या काळात पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला येथे बोलावण्यात आले आणि १९१८ मध्ये त्याने इंदूरच्या विकासाचा दोन खंडांचा अहवाल दरबारास सादर केला. शहर तेव्हा प्लेगने हैराण झाले होते. जुनी वस्ती पाडून सरळ रुंद रस्ते काढावेत हा त्या काळचा रूढ उपाय होता. गेडिसने जुन्या वस्तीवर जपून शस्त्रक्रिया करावी असा आग्रह धरला : येथे एक पडकी भिंत काढा, तेथे एक लहान चौक मोकळा करा, विहीर आणि झाड राखा, आणि राहत्या माणसाला उठवू नका. १९१७ च्या दिवाळीत त्याने एक मिरवणूक काढली. तिचा मार्ग नेहमीचा नव्हता. ज्या रस्त्यांवरील लोकांनी घरे सर्वाधिक स्वच्छ आणि दुरुस्त केली असतील त्या रस्त्यांवरून ती जाईल असे आधी जाहीर केले होते. तिच्यात रावणाबरोबर प्लेगचा प्रचंड उंदीर होता, आणि सफाई कामगारांना मानाचे स्थान होते. शंभर वर्षांनी, २०१७ पासून सलग सात वर्षे, याच शहराने स्वच्छ सर्वेक्षणात पहिला क्रमांक मिळवला. या यशाचे श्रेय आजच्या यंत्रणेचे आणि सफाई मित्रांचे आहेच. पण येथील लोकांना रस्त्याची लाज आणि अभिमान वाटायला लावण्याची युक्ती जुनी आहे, आणि त्या युक्तीत कोणाला हुसकावून लावणे बसत नव्हते.

आता आगीच्या प्रश्नाकडे येतो, कारण त्याला बगल देऊन सराफ्याची बाजू मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी असलेला राजवाडा १८०१, १९०८ आणि १९८४ अशा तीन वेळा आगीत सापडला. सराफ्यातील जुन्या घरांतही लाकूड भरपूर आहे, वीजवाहिन्यांची गुंतागुंत आहे, आणि गर्दीच्या वेळी अग्निशमन दलाची गाडी आत कशी शिरणार या प्रश्नाला आज समाधानकारक उत्तर नाही. व्यापाऱ्यांची भीती मी खोटी मानत नाही. माझा आक्षेप एवढाच की आगीचा विचार फक्त रात्रीच्या पाळीपुरता केला जातो. वरच्या मजल्यांवरील कारागीर दिवसभर गॅसच्या ज्योतीवर सोने वितळवतात, तेजाबाने दागिने उजळतात. अरुंद जिने, बंद खिडक्या आणि एकाच खोलीत काम करणारी व झोपणारी माणसे, हा धोका रात्रीच्या शेगडीपेक्षा कमी नाही. तो उघड्यावर दिसत नाही, म्हणून वृत्तपत्रांत येत नाही. चौपाटी उद्या हलवली तरी तो तेथेच राहील, आणि धोक्याच्या वेळी आरडाओरडा करायला रस्त्यावर माणूसही नसेल.

म्हणून माझी विनंती अशी की अग्निसुरक्षेची तपासणी तळघरापासून गच्चीपर्यंत आणि दोन्ही पाळ्यांची एकत्र व्हावी. रस्त्याच्या मधोमध एक पट्टा आखून तो कोणत्याही परिस्थितीत मोकळा ठेवावा, तेथे खुर्च्या, फलक, दुचाकी काहीही येऊ नये, आणि ही सक्ती दिवसाच्या वाहनांनाही लागू असावी. प्रत्येक ओटल्यावर एकापेक्षा अधिक सिलिंडर असू नये. जेथे शक्य तेथे नळाने गॅस द्यावा. जागोजागी पाण्याच्या तोट्या आणि वाळू असावी, आणि त्या चालतात की नाही हे वर्षातून एकदा दिखाव्यापुरते पाहण्याऐवजी दर महिन्याला पाहावे. राजवाड्याच्या बाजूने दुचाकी आत येणे रात्री पूर्णपणे बंद करावे. यातले काहीही खर्चिक नाही. चिकाटी लागते, आणि ती या निगमाने कचऱ्याच्या बाबतीत दाखवलेली आहे.

‘फक्त पारंपरिक पदार्थ राहतील, बाकीचे उठतील’ हा तोडगा ऐकायला गोड आहे. मोमो, चिनी नूडल्स आणि धूर निघणारे पदार्थ मलाही तेथे आवडत नाहीत. परंतु परंपरेची यादी कोण करणार? खोपरा पॅटीस एके काळी नवीच होती, आणि आमची साबुदाण्याची खिचडी तर सरळसरळ दक्षिणेतून, म्हणजे महाराष्ट्रातून, आलेली आहे. पदार्थांच्या यादीवरून परवाना दिला तर उद्या प्रत्येक जण फलकावर ‘पारंपरिक’ लिहील आणि आत हवे ते विकेल. त्याऐवजी वागणुकीवरून परवाना द्यावा. ओटल्याच्या मालकाशी लेखी करार आहे का. पहाटेपूर्वी ओटला आणि त्यापुढची जमीन धुऊन मोकळी होते का. एका ओटल्यावर एकच पदार्थ ही रीत पाळली जाते का. मोठी ज्वाळा, मोठा आवाज आणि लखलखते फलक टाळले जातात का? या कसोट्यांवर जो उतरेल तो राहावा, मग तो काय विकतो हे गिऱ्हाईक ठरवील. जो उतरणार नाही तो जावा, मग त्याचे आजोबा का तेथे बसत असेनात. पोटभाड्याने ओटले घेऊन एकाच धन्याने चार-चार ठेले चालवण्याचा जो प्रकार वाढतो आहे, तोही या कसोट्यांनी आपोआप आवळला जाईल.

कायदाही आपल्या हाताशी आहे. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ च्या अनुसूचीत स्थलांतराची तत्त्वे दिली आहेत. निकडीची गरज असल्याखेरीज स्थलांतर टाळावे, आणि ज्या नैसर्गिक बाजारांत विक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करीत आहेत ते वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत व तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे त्यात आहे. सराफा या व्याख्येत बसतो, याविषयी इंदुरात कोणी शंका घेईल असे मला वाटत नाही. याच कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात आणि त्यांतील एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. सराफ्याचा निर्णय या समितीच्या मार्फत झाला तर त्याला कायद्याचे बळ राहील. निवडक मंडळींच्या बैठकीत झाला तर तो पुढच्या निवडणुकीपर्यंतच टिकेल.

छप्पन दुकान या शहरातील दुसऱ्या खाऊगल्लीचे उदाहरण वारंवार दिले जाते, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. तेथील काम चांगले झाले, वाहने बंद झाली, बसायला जागा झाली. पण छप्पन दुकान ही दुकानांची रांग आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत ती एकाच कामाची आहे, त्यामुळे तेथे फरशी, दिवे आणि कारंजी बसवता येतात. सराफ्यात कायमचे काही बसवले की दोनपैकी एक पाळी बंद पडते. म्हणून तेथे कमानी, पक्क्या बैठका, एकसारखे पत्र्याचे स्टॉल, छायाचित्रे काढण्यासाठी अक्षरांची नावे यांपैकी काही करू नये. करायचेच असेल तर घरांच्या दर्शनी भागांकडे लक्ष द्यावे. मराठा, राजपूत आणि युरोपीय धाटणी एकमेकींत मिसळलेले सज्जे, कोरीव खांब आणि तुळया जाहिरातींच्या फलकांखाली आणि वातानुकूलन यंत्रांच्या खोक्यांखाली झाकून गेल्या आहेत. एखादे घर पाडण्याची परवानगी देण्यापूर्वी त्याची मापे आणि छायाचित्रे निगमाने आपल्या दप्तरी ठेवावीत, एवढी किमान अट तरी घालावी. रस्ता रुंद करण्याचा विचार मात्र सराफ्याच्या बाबतीत कोणी मनातही आणू नये. ओटला गेला की दोन्ही पाळ्यांचा आधार जातो.

येथे एका तिसऱ्या पाळीचाही उल्लेख करतो. रात्री दोननंतर येणारे सफाई कामगार द्रोण, कणसांची पाने, तेल आणि रबडी यांनी माखलेला रस्ता पहाटेपर्यंत धुऊन काढतात. देशभरातील पाहुण्यांना आपण जो सराफा दाखवतो तो त्यांच्या हातून घडतो. त्यांच्यासाठी परिसरात विश्रांतीची खोली, स्वच्छतागृह आणि गरम पाण्याची सोय हवी. तिचा खर्च सराफ्यातील दोन्ही पाळ्यांकडून, व्यवसायाच्या प्रमाणात, वेगळा कर म्हणून घेतला तरी कोणी तक्रार करणार नाही, आणि केली तर ती ऐकू नये.

सराफा व्यापाऱ्यांना आणि चौपाटीच्या विक्रेत्यांना, जे हे पत्र वाचतील अशी आशा आहे, एक गोष्ट सांगायची आहे. व्यापारी बंधूंनो, आपल्या ओटल्यांचे भाडे घेणारे हातही आपल्यापैकीच काहींचे आहेत. चौपाटीविरुद्ध निवेदन देताना ते हिशेबही समितीपुढे ठेवावेत. आणि विक्रेते बंधूभगिनींनो, मधला रस्ता अडवणारी टेबले आपणच मांडली आहेत, ती आपणच उचलावीत. निगमाची गाडी येण्याची वाट पाहू नये.

महोदय, समित्यांच्या बैठका सभागृहात, दुपारी, पाळी बदलण्यापूर्वीच होतात. माझी शेवटची मागणी साधी आहे. या विषयावरील पुढची बैठक आपण सराफ्यातच, एखाद्या ओटल्यावर, संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ या वेळेत घ्यावी. अग्निशमन अधिकारी, व्यापारी, विक्रेते, वरच्या मजल्यांवरील कारागिरांचा एक प्रतिनिधी आणि सफाई कामगारांचा एक प्रतिनिधी यांना बोलवावे, आणि तिचे इतिवृत्त नागरिकांसाठी प्रसिद्ध करावे. नागरिकांना तेथे उभे राहून ऐकण्याची मुभा असेल तर मी अवश्य हजर राहीन.

कळावे,

आपला विश्वासू,
एक इंदूरकर नागरिक